अक्षता आणि अंगठा

लग्नाचे फोटो काढायला मी शिकले ते पायांपासून. नवरीचे डोळे, नवऱ्याची धांदल, आईबापांचे चेहरे हे सगळं फार पुढचं. पहिलं जवळजवळ वर्षभर माझ्या वाट्याला फक्त पाय आले. टोकियोतल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये मी शनिवार-रविवारी बाइतो करायचे. बाइतो म्हणजे कॉलेज सांभाळून केलेली फुटकळ नोकरी. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, गल्ल्यामागे उभी राहून गिऱ्हाइकांपुढे वाकत होती. मी लग्नाला आलेल्या लोकांपुढे वाकून त्यांचे बूट सरळ करत होते. जपानी लग्नात दोन्ही घरच्या नातेवाइकांचा एक एकत्र फोटो असतो आणि तो काढणं हे लग्न लावण्यापेक्षा अवघड असतं. कोणी कुठे बसायचं ते मानाप्रमाणे ठरलेलं. पुरुषांच्या मुठी मांडीवर, बायकांचा डावा हात उजव्या हातावर, किमोनोच्या बाह्या सारख्या ओघळलेल्या, आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या बुटांची टोकं एका रेषेत. ती रेषा हे माझं खातं. काळ्या कपड्यांत मी रांगेसमोरून बेडकासारखी सरकत जायचे, "माफ करा हं, डावा पाय किंचित मागे" असं पुटपुटायचे आणि तशीच उलटी सरकत चौकटीबाहेर पडायचे. आज जिना चढताना माझे गुडघे जे काही पुटपुटतात ते त्याच काळातलं जपानी असावं.

बुटांवरून माणूस ओळखता येतो असं म्हणतात. मला तरी कधी ओळखता आला नाही. एवढंच कळलं की नवरीच्या बापाचा बूट नवा असतो आणि तो चावत असतो. त्याच्या चेहऱ्यावर जी वेदना दिसते ती मुलगी सासरी निघाल्याची आहे असं समजून बाकीचे डोळे पुसतात.

होरिउची-सान हे हॉलचे मुख्य फोटोग्राफर. पन्नाशीचे, किडकिडीत, कॅनमधल्या थंड कॉफीवर जगणारे. त्यांची स्वतःची दोन लग्नं मोडली होती आणि दोन्ही त्याच हॉलमध्ये, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत लागलेली होती. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली. "फोटोग्राफर म्हणजे फर्निचर. फर्निचर दिसतं, पण नंतर आठवत नाही." पुढे कित्येक महिने ते माझ्याशी "पाय" आणि "सरक" एवढेच शब्द बोलले. शिकवणं म्हणतात ते हेच असावं, कारण मला सगळं येऊ लागलं.

त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर चर्च होतं, पाचव्यावर शिंतो देवघर आणि चौथ्यावर जेवण. एकाच दिवशी वेगवेगळे देव वेगवेगळ्या मजल्यांवर कामाला असत आणि लिफ्ट सगळ्यांना सामाईक. पाद्री म्हणून उभा राहणारा उंच, सोनेरी केसांचा गृहस्थ आठवडाभर इंग्रजी संभाषणाचे वर्ग घ्यायचा. केक पाच मजली, पैकी वरचे चार प्लास्टरचे. खालच्या मजल्यात सुरी घालण्यापुरती खऱ्या क्रीमची फट ठेवलेली. तो केक नवराबायको पुन्हा पुन्हा कापत, कारण प्रत्येक मामाला आपल्या कॅमेऱ्यात तो क्षण हवा असे. घरी येऊन मी हे सांगितलं की बाबांची कळी खुलायची.

"म्हणजे पाद्री खोटा, केक खोटा. मग खरं काय असतं?"

"जेवण, बाबा."

"मग आपल्यासारखंच आहे," ते म्हणायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

आमचं घर निशी-कसाईला, नवव्या मजल्यावर. बाबा एका भारतीय बँकेच्या टोकियो शाखेत होते. थोड्या वर्षांसाठी म्हणून आम्ही आलो, मुदत वाढत गेली, आणि आईने ‘जाताना परत न्यायची’ म्हणून जपून आणलेली भांडी इथेच झिजली. मेट्रोची तोझाई लाइन टोकियोभर जमिनीखालून जाते, आमच्याकडे मात्र ती डोकं वर काढते, त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक वाक्याच्या मध्ये एक गाडी जायची. गाडी जाईपर्यंत थांबायचं आणि मग वाक्य पुरं करायचं ही सवय आम्हाला इतकी लागली होती की सुट्टीत पुण्याला गेलो तरी आम्ही मध्येच थांबायचो आणि आत्याला वाटायचं, ही मंडळी काहीतरी लपवताहेत. संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यातून मुलांना घरी बोलावणारी धून वाजे. समोरच्या गॅलऱ्यांत गाद्या झोडपल्याचे आवाज येत. आणि सातच्या सुमाराला आमच्या कुकरच्या शिट्ट्या. पहिल्यांदा शिट्टी झाली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वातानाबे आजी धावत वर आल्या होत्या, गॅस गळतोय का विचारायला. आईला जपानी येत नव्हतं, म्हणून तिने त्यांना वरणभाताचा डबा दिला. पुढे एखाद्या दिवशी शिट्टी झाली नाही तर त्या लिफ्टमध्ये विचारायच्या, "आज बरं नाही का?"

धाकटा निखिल मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायचा आणि भांडायचा इंग्रजीत. आई इथल्या तांदळाच्या पिठाचे मोदक करायची. उकड इतकी चिकट व्हायची की पाडलेल्या कळ्या झाकण ठेवेपर्यंत पुन्हा मिटायच्या, आणि ताटात लाडू की मोदक हे गणपतीनेच ठरवायचं. बाबांचं फोटोग्राफीबद्दलचं मत एका वाक्यात मावणारं होतं. "फोटो म्हणजे पासपोर्ट साइज. बाकी सगळी हौस." बँकेत खातं उघडायला जो लागतो तो फोटो, त्याच्यापुढे जे काही आहे ते नवाबी. ते स्वतः वर्षातून एकदा, सहलीला गेल्यावर, आईच्या आग्रहावरून फोनने फोटो काढत आणि प्रत्येकात त्यांचा अंगठा येई. आमच्या घरच्या अल्बममध्ये निक्कोच्या धबधब्याच्या उजवीकडे जी गुलाबी टेकडी दिसते ती टेकडी नाही. कामाकुराच्या बुद्धाशेजारीही तीच आहे.

हॉलमध्ये पाय आणि घरी टोमणे, यांच्या मधल्या वेळात माझा खरा सराव आपल्या लोकांवर झाला. निशी-कसाईत तेव्हा मराठी घरं बरीच झाली होती आणि आठवड्याला कुणाकडे तरी बारसं, डोहाळजेवण, नाहीतर सत्यनारायण असायचाच. माझ्याकडे होरिउची-सानांनी टाकून दिलेला एक जुना कॅमेरा होता, म्हणून मी आपोआप सगळ्यांची फोटोग्राफर झाले. मोबदला जेवणात मिळायचा. सत्यनारायणाचे फोटो मी इतके काढलेत की केळीच्या खुंटांची उजवी बाजू चांगली की डावी हे मला आजही झोपेत सांगता येईल. पण सगळ्यात जास्त मागणी होती ती स्थळासाठी लागणाऱ्या फोटोंना. मार्चच्या शेवटी साकुरा फुलला की लग्नाळू मुलं इस्त्रीचे शर्ट घालून नदीकाठी रांग लावायची. मागे फुलं हवीतच. फुलांमुळे मुलगा परदेशी आहे हे न सांगता कळतं. एकदा वारा सुटला आणि एका संगणक अभियंत्याच्या डोक्यावर इतक्या पाकळ्या पडल्या की तो एकटाच नवरदेव दिसू लागला. त्याच्या आईने नाशिकहून कळवलं, "चांगलाय, पण फुलं कमी करता येतील का? कोंडा वाटतोय."

फर्निचर होण्याची विद्या इथे चालत नव्हती. जपानी लग्नात मी काळ्या कपड्यांत उभी राहिले की लोक माझ्या आरपार बघायचे. आपल्याकडे मी दारात पाऊल टाकलं की, "आली का केतकी! किती वाळलीस! आधी खाऊन घे, मग काढ. आणि आमचा एक घे गं, हे कधी नव्हे ते हसताहेत." मी चौकटीबाहेर सरकले की कोणीतरी मला हाताला धरून चौकटीत ओढायचं.

कॉलेज संपत आलं तसा प्रश्न उभा राहिला. जपानात मुलं शिकून बाहेर पडायच्या आधीच कंपन्या त्यांना उचलतात. मलाही एका कंपनीने उचललं होतं. गोदामांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. कुठला खोका कुठल्या फळीवर आहे हे ती जगाला सांगायची. होकाराचा कागद सही करून पाठवायचा बाकी होता. त्याच आठवड्यात होरिउची-सान कॉफी पिता पिता म्हणाले, "एप्रिलपासून रोज ये. आता पाय दुसरं कोणी बघेल." पहिल्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून आलेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं. मला ट्रेनमध्ये उभ्या उभ्या रडू आलं आणि शेजारच्या माणसाने सभ्यपणे आपलं वर्तमानपत्र वर केलं.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला.

"लोकांची लग्नं बघत आयुष्य काढणार?" बाबा म्हणाले.

"तुम्ही लोकांचे पैसे मोजत काढलंतच की," आई म्हणाली.

गाडी गेली. आम्ही थांबलो.

"बँकेला पेन्शन असते," बाबांनी वाक्य पुरं केलं. मग आमटी ओरपून म्हणाले, "हे बघ, मी अडाणी बाप नाही. संधी देतो. साठ्यांच्या अनुजाचं लग्न तूच करणार आहेस ना?"

साठे काका-काकू शेजारच्या इमारतीत राहायचे. त्यांच्या अनुजाचं लग्न तिच्या ऑफिसमधल्या ताकुमीशी ठरलं होतं, आणि काकू आईला म्हणाल्या होत्या, "फोटो केतकीच काढेल ना? घरचीच आहे." एक अख्खं लग्न, एकटीने, पहिल्यांदा.

"हो," मी म्हणाले.

"ठीक. साठे वहिनींनी एकही तक्रार केली नाही तर मी कंपनीचं नाव काढणार नाही. एक जरी केली, तर त्या कागदावर सही."

आई हसायला लागली. "म्हणजे सहीच."

कारण साठे काकूंना मी ओळखते तेव्हापासून त्यांना एकही गोष्ट पसंत पडलेली नव्हती. फुजी पर्वत पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढाच?"

लग्न खाडीकाठच्या एका रेस्टॉरंटच्या दालनात होतं. तिथल्या मॅनेजरबाई कानात वायरलेस लावून फिरत होत्या आणि आपले विधी त्यांनी आधीच अभ्यासले होते. तांदूळ गालिच्यावर सांडणार म्हणून त्यांनी निळा प्लास्टिकचा कागद अंथरला होता, तोच, ज्यावर बसून लोक साकुराखाली बिअर पितात. होमाला परवानगी नव्हती, छतात धूर ओळखणारं यंत्र होतं. म्हणून होमाच्या जागी एक निरांजन, आणि निरांजनामागे आग विझवायचं लाल नळकांडं छातीशी धरून उभा असलेला एक अत्यंत गंभीर वेटर. गुरुजी आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायचे आणि शनिवार-रविवारी लग्नं लावायचे. सोनेरी केसांच्या पाद्र्याला वर्षभर हसल्यावर मला इथे गप्प बसणं भाग होतं.

मी मात्र पूर्ण तयारीनिशी होते. होरिउची-सान लग्नाआधी पाहुण्यांना सूचना देत तशा मी ताकुमीकडच्या मंडळींना दिल्या. शिझुओकाहून आलेले चहाच्या मळ्यांवरचे लोक होते, काळे सूट, काळे किमोनो, पाठी ताठ. मी अतिनम्र जपानीत म्हणाले, "हे तांदूळ उजव्या हातात धरा. हा आशीर्वाद आहे. मी सांगेन तेव्हा वधूवरांच्या दिशेने हळूच टाका. तोपर्यंत कृपया धरून ठेवा." सगळ्यांनी एकदम मान डोलावली. ताकुमीच्या आईने तर मूठ मिटून दुसऱ्या हाताने झाकली, एखादं पाखरू धरावं तशी. मला स्वतःचा अभिमान वाटला.

मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या भावाने, निखिलने, अंतरपाटाचं एक टोक धरलं होतं, दुसरं अनुजाच्या मामांनी. मी माझी जागा आधीच हेरून ठेवली होती. अंतरपाट खाली येताना दोघांचे चेहरे जिथून एकाच वेळी दिसतील अशी एकच जागा असते आणि मी तिथे फर्निचरसारखी रुजले होते. पहिली कडवी गुरुजींची. मग काकूंच्या बहिणीचं स्वरचित, ज्यात दोन्ही घरच्या सगळ्यांची नावं होती आणि ‘ताकुमी’ला यमक म्हणून ‘कामी’ आणलेलं. मग अनुजाच्या पुण्याच्या आत्यांचं, फोनवरून. ते इतकं रेंगाळत पोचत होतं की ‘सावधान’ दोनदा ऐकू आलं आणि आपल्या मंडळींनी दोनदा अक्षता टाकल्या. मी फोटोमागून फोटो घेत होते. प्रकाश छान होता, अनुजा छान होती, मामांचा हात दुखून अंतरपाट एका बाजूला उतरत होता तोही छान होता. इतकं सगळं जमून येत असताना माझ्या मानेपाशी काकूंचा आवाज आला.

"अगं केतकी, ते टाकत का नाहीयेत?"

"कोण?"

"त्यांच्याकडचे! एक दाणा नाही टाकलेला कुणी. पसंत नाही का त्यांना? आत्ता सांगायचं होतं का हे?"

मी वळून पाहिलं. ताकुमीकडची सगळी मंडळी, उजव्या मुठी छातीशी, स्तब्ध. आपल्याकडचे हात मोकळे होऊन दुसऱ्यांदा भरले होते; ताकुमीकडच्यांच्या मुठीतला एकही दाणा हलला नव्हता. आणि सगळ्यांची नजर वधूवरांवर नव्हती. माझ्यावर होती. मी सांगेन तेव्हा, असं मी म्हणाले होते. मी सांगितलंच नव्हतं. ताकुमीच्या आईने भुवया किंचित उंचावून ओठांनीच विचारलं, "आता?" पलीकडे साठे काकांचा चेहरा उतरला होता. चावणाऱ्या बुटाचा आणि या चेहऱ्याचा फरक मला तेव्हा प्रथम कळला.

शेवटचं कडवं संपत आलं होतं. गुरुजींनी ‘सावधान’साठी छातीत हवा भरली. मामांनी अंतरपाट सोडायला बोटं सैल केली. मला एक बोट दाबायचं होतं, फक्त एक, आणि तो फोटो मिळाला असता ज्याच्यासाठी मी वर्षभर बेडकासारखी सरकले होते. काकूंनी आपल्या मुठीतल्या अक्षता माझ्या हातात कोंबल्या. "टाक गं, टाकून दाखव त्यांना!" मी कॅमेरा सोडला, तो गळ्यात लोंबला. हात उंच केला आणि ‘सावधान’बरोबर अक्षता उधळत शिझुओकाच्या दिशेने ओरडले, "आता! टाका!"

सगळे हात एका क्षणी वर गेले. आपल्या लग्नात असं कधी होत नाही. आपल्या अक्षता रेंगाळत, मागच्यांच्या पुढच्यांना लागत, कुणाच्या चहात पडतात. इथे तांदळाची एक अख्खी चादर हवेत उठली आणि दोघांवर उतरली. टाळ्या, सनई, हशा. मी वळले तोपर्यंत अंतरपाट निखिलच्या खांद्यावर होता आणि हार गळ्यात.

हॉलमध्ये केक हवा तितक्या वेळा कापतात. त्या सवयीने मी गुरुजींच्या कानाशी गेले. "गुरुजी, अंतरपाट एकदा पुन्हा धरता येईल?"

"केतकी," ते म्हणाले, "हे लाइव्ह गेलं. आता मागे घेता येत नाही."

बाकीचं लग्न मी नीट काढलं. सप्तपदी, आणि प्रत्येक पावलामागे तो नळकांडंवाला वेटर. ताकुमीची आई केसांत अडकलेले तांदळाचे दाणे वेचून रुमालात बांधून घेत होती, घरी न्यायला. चांगले फोटो होते. पण लग्नाच्या फोटोंत लग्न लागतानाचा फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी घरच्यांना हे सांगितलं. आईने शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, खिसा चाचपला आणि फोन पुढे सरकवला.

"माझ्याकडे एक आलाय," ते म्हणाले. "काढायचा नव्हता. किती वाजले बघत होतो."

फोटो थोडा तिरका होता. अंतरपाट अर्धा खाली आलेला. त्याच्या वर अनुजा आणि ताकुमी, पण एकमेकांकडे बघत नसलेले. दोघं आश्चर्याने एकाच दिशेला बघून हसताहेत, जिथे काळ्या कपड्यांतली अख्खी रांग हात उंचावून उभी आहे आणि तांदूळ हवेत आहेत. रांगेच्या पुढे मी. कॅमेरा गळ्यात लोंबतोय, हात वर, तोंड उघडं. आणि उजव्या कोपऱ्यात गुलाबी टेकडी.

"अगं बाई," आई म्हणाली. "ही तू?"

मी फर्निचरसारखी अजिबात दिसत नव्हते.

"तुझ्या फोटोंत घालून टाक," बाबा म्हणाले. "अंगठा कापता येत असेल ना?"

मी कापून पाहिला. अंगठ्याबरोबर ताकुमीची आईही जात होती. म्हणून अंगठा राहिला.

काकू फोटो बघायला आल्या तेव्हा बाबा खुर्चीत परीक्षकासारखे बसून होते. काकूंनी चष्मा लावला आणि तिसऱ्याच फोटोला म्हणाल्या, "माझी साडी निळी दिसतेय. ती मोरपंखी आहे." मी बाबांकडे पाहिलं नाही. पुढे त्यांना मामा जाड वाटले, निरांजन लहान वाटलं आणि वेटर जास्त वाटला. मग तो फोटो आला. काकू थांबल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे वाकल्या. एक गाडी गेली.

"टाकल्या बाई त्यांनी," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "बघा ना, सगळ्यांनी टाकल्या. माझा जीव नुसता..." चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. "हा मोठा करून दे. भिंतीवर लावणार आहे. आणि हे कोपऱ्यात काय आहे?"

"टेकडी," निखिल म्हणाला. चक्क मराठीत.

"हॉलमध्ये?"

"माझा अंगठा आहे तो, वहिनी," बाबा म्हणाले, आणि खुर्चीत थोडे सावरून बसले. "फोटो मी काढलाय."

तरीही अट ती अट होती, आणि काकूंच्या तक्रारी पानभर झाल्या होत्या. कागद फ्रिजवर चुंबकाखाली तसाच होता. रविवारी हॉलमध्ये मी सगळे फोटो होरिउची-सानांना दाखवले. ते भराभर पुढे सरकवत होते. दोन-तीन ठिकाणी "हं" म्हणाले, ज्याचा अर्थ चांगला असतो. मग थांबले.

"हा तुझा नाही."

"नाही. मी त्यात आहे."

"फर्निचर हललं," ते म्हणाले. रागावले होते की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. कॉफीचा घोट घेऊन त्यांनी पुन्हा बघितलं. "कोणी काढला?"

"वडिलांनी. चुकून."

"सगळे चुकूनच काढतात." कॅन रिकामा करून त्यांनी तो डब्यांच्या कचऱ्यात नीट टाकला. "त्यांना रविवारी वेळ असतो का?"

घरी आले तेव्हा बाबा वर्तमानपत्रामागे होते.

"काय म्हणाले तुझे सर?"

"माझ्याबद्दल काही नाही. तुम्हाला रविवारी वेळ असतो का विचारलं."

वर्तमानपत्र हललं नाही, पण पुढचं पानही उलटलं नाही.

"म्हणजे कशासाठी?"

"तुमचा फोटो बघितला ना त्यांनी."

"त्यांना सांग, रविवारी मला विश्रांती लागते." थोड्या वेळाने: "नेमकं कसं म्हणाले? जपानीत सांग." मी सांगितलं. "हे आधी की फोटो बघून झाल्यावर?" झाल्यावर, मी म्हणाले. "किती वेळ बघितला?" मग आईला हाक मारून त्यांनी मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मी ‘चुकून’ हा शब्द गाळला नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना बाबांनी चुंबक बाजूला करून तो कागद टेबलावर आणून ठेवला. मी पेन उचललं.

"सही कुठे करतेस?" ते बूट घालता घालता म्हणाले. "त्यांना नकार कळव. या देशात सभ्यपणे नाही म्हणायला चार परिच्छेद लागतात, आत्ताच बस."

"पण काकूंनी तक्रार केली होती, बाबा. साडीची."

"मी होतो तिथे," बाबा म्हणाले आणि दार उघडलं. "साडी निळीच होती."

आता ते पुण्यात असतात, आणि तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. मूळ साठे काकूंच्या भिंतीवर, ही प्रत. येणाऱ्या प्रत्येकाला ते तो उजव्या कोपऱ्यापासून दाखवायला सुरुवात करतात. मी आजही लग्नात उभी राहिले की कोणीतरी माझ्यापुढे अक्षता धरतं, आणि मी त्या डाव्या हातात घेते. डाव्या हाताने आशीर्वाद देऊ नये असं आईचं म्हणणं, पण उजवं बोट मला लागतं. शनिवारी रात्री बाबांचा फोन येतो. प्रकृती, पाऊस, पेन्शन हे सगळं झाल्यावर ते विचारतात, "उद्या काम आहे का?"

"आहे, बाबा."

"बरं," ते म्हणतात. "अंगठा सांभाळ."